क्षयरोगाने मेलेली माणसे दोन वेगवेगळ्या वह्यांत का? पुणे जिल्ह्याच्या प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. आयुक्त, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका
तसेच पुणे, खडकी व देहूरोड कॅन्टोन्मेंट बोर्डांचे मा. मुख्य कार्यकारी अधिकारी

विषय: जिल्ह्यातील क्षयरुग्णांच्या नोंदी आणि मृत्यू नोंदणी यांची दर तिमाहीस नावानिशी जुळवणी करण्याबाबत.

महोदय,

मी हडपसर भागात बरीच वर्षे दवाखाना चालवणारा फॅमिली डॉक्टर आहे. एखाद्या रुग्णाला क्षयरोग असल्याचे निष्पन्न झाले की मी त्याची नोंद निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंद-प्रणालीवर करतो, आणि माझ्या उपचाराखालील माणूस घरी वारला तर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४-अ, भरून घेण्यासाठीही त्याच्या घरची मंडळी माझ्याकडेच येतात. हे दोन्ही कागद एकाच टेबलावरून जातात, पण पुढे त्यांची गाठ पडावी अशी सोय नाही. एक क्षयरोग विभागाच्या वाटेने जातो, दुसरा जन्म-मृत्यू निबंधकाच्या. माझी मागणी एकच आहे: या दोन नोंदींची आपल्या जिल्ह्यात दर तीन महिन्यांनी नावानिशी जुळवणी व्हावी, आणि त्यातून तयार होणारा, नावे वगळलेला तक्ता कोणाही नागरिकाला पाहता यावा.

हे आत्ताच मांडण्याचे कारण असे, की क्षयरोगमुक्तीसाठी देशाने स्वतःला घालून दिलेली २०२५ ची मुदत सरली आहे. २०१७ ते २०२५ या काळासाठीच्या राष्ट्रीय आराखड्यात लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण ४४ वर आणि मृत्यूंचे प्रमाण ३ वर आणण्याचे ठरले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये ही प्रमाणे अनुक्रमे १८७ आणि २१ होती. २०१५ मध्ये ती २३७ आणि २८ होती. ही घट खरी आहे, आशा सेविकांपासून प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांपर्यंत अनेकांच्या कष्टांतून ती आली आहे, आणि तिच्याकडे पाहून नाके मुरडण्याचे कारण नाही. तरीही जगाने २०२५ साठी ठरवलेला टप्पा २०१५ च्या तुलनेत मृत्यू ७५ टक्क्यांनी कमी करण्याचा होता, आणि आपल्याकडे २०२४ पर्यंत मृत्यूंचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी झाले.

यातला मृत्यूंचा आकडा अंदाजाने काढलेला आहे, हे लक्षात घ्यावे. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख २९ हजार होती. तिला राष्ट्रीय प्रमाण जसेच्या तसे लावले, तर वर्षाला सुमारे १,९८० मृत्यू येतात. हा निव्वळ गुणाकार झाला, त्याला कोणी पुण्याचा आकडा समजू नये. इथे रुग्णालये जवळ आहेत आणि निदानाच्या सोयी बऱ्या आहेत, त्यामुळे खरी संख्या कमी असू शकते. वस्त्यांमधील दाटी, मधुमेहाचे प्रमाण आणि कामासाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ पाहता ती कमी नसेलही. परंतु दिवसाला पाच-सहा माणसांच्या मृत्यूचा प्रश्न असताना, आणि जिल्ह्यातील बहुतेक मृत्यूंची कुठे ना कुठे नोंद होत असताना, आपण गुणाकारावर विसंबून राहावे हे पटत नाही.

रुग्णांच्या नोंदीचे काम मृत्यूंच्या नोंदीपेक्षा पुष्कळ पुढे गेले आहे. मे २०१२ मध्ये क्षयरोग हा कळवणे बंधनकारक असलेला आजार ठरला, त्याच वर्षी निक्षय सुरू झाले, आणि मार्च २०१८ च्या राजपत्राने खासगी डॉक्टर, प्रयोगशाळा आणि औषध दुकानदार यांच्यावरही ही जबाबदारी स्पष्टपणे टाकली. त्याचा परिणाम दिसतो: २०२३ मध्ये देशात नोंदवलेल्या सुमारे साडेपंचवीस लाख रुग्णांपैकी एक तृतीयांश खासगी क्षेत्रातून आले. मात्र रुग्णांचा आकडा वाचताना एक भान ठेवावे लागते, आणि ते वर्तमानपत्रांप्रमाणे प्रशासनाकडूनही अनेकदा सुटते. आपण किती शोधले, यावर हा आकडा अवलंबून असतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कोणत्याही डॉक्टरकडे गेलेले नव्हते, आणि छातीचा फोटो काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते, असे आढळले. म्हणजे एखाद्या तालुक्यात हातात धरता येणारे एक्स-रे यंत्र घेऊन पथक फिरले की त्या तिमाहीत रुग्ण वाढणारच. 'अमुक तालुक्यात क्षयरुग्ण वाढले' असा मथळा छापून आला की तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे खुलासा मागितला जातो. खरे तर त्याची पाठ थोपटायला हवी.

क्षयमुक्त पंचायत योजनेच्या निकषांत हे भान राखलेले आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. दर हजार लोकसंख्येमागे रुग्ण एक किंवा त्याहून कमी असावा, अशी अट घालताना हजारामागे किमान ३० संशयितांची तपासणी झालेली असावी, अशीही अट तिथे आहे. दुसरी अट नसती तर न शोधणारे गाव आपोआप बक्षिसाला पात्र ठरले असते. तोच न्याय जिल्ह्याच्या प्रत्येक तक्त्याला लावावा: रुग्णांच्या रकान्याशेजारी तपासण्यांचा रकाना असल्याशिवाय तो तक्ता प्रसिद्ध करू नये.

आता हद्दींविषयी. क्षयरोग कार्यक्रमाच्या कारभारात पुणे जिल्ह्याचे पुणे महानगरपालिका, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आणि पुणे ग्रामीण असे तीन भाग पडतात. कारभारासाठी हे सोयीचे असेल, पण रुग्ण काही हद्द पाहून खोकत नाही. चाकणच्या कारखान्यात काम करणारा मुलगा भोसरीत खोली करून राहतो, तपासणीला पुण्यातील मोठ्या रुग्णालयात येतो आणि प्रकृती ढासळली की जुन्नरला आईकडे जातो. त्याचा मृत्यू नोंदला जातो तो गावच्या ग्रामसेवकाकडे, आणि त्याच्या उपचाराचा कागद उघडा राहतो तो शहरात. सहा महिन्यांचा उपचार ऊसतोडीच्या हंगामापेक्षा मोठा असल्याने बारामती, इंदापूर, दौंडच्या फडांवर निदान झालेल्या मजुराचा निम्मा उपचार बीडला किंवा आणखी कुठे व्हायचा असतो. आणि हद्दीही स्थिर नाहीत. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये वेगळ्या नगरपरिषदेसाठी बाहेर काढली गेली. पुणे महापालिकेची २०११ ची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली. जुन्या लोकसंख्येने नव्या हद्दीतील मृत्यूंना भागले, तर जे प्रमाण येईल त्यावरून कुठल्या विभागाला दोष द्यायचा आणि कुठल्याला शाबासकी? म्हणून तक्ता संपूर्ण जिल्ह्याचा एक असावा, त्यात रुग्णाचे राहण्याचे ठिकाण आणि निदानाचे ठिकाण वेगळे दाखवावे, आणि भाजक म्हणून कोणती लोकसंख्या धरली ते खाली छापावे.

मृत्यूच्या कारणाकडे मात्र जरा थांबून पाहावे लागेल, कारण क्षयरोगाचे मृत्यू हरवतात ते तिथेच. प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात ओळी एकाखाली एक असतात. वरच्या ओळीत मृत्यूचे तात्कालिक कारण, आणि खाली ते ज्यामुळे उद्भवले ते, असे करत मूळ कारणापर्यंत जायचे असते. दुसऱ्या भागात मधुमेहासारखे साहाय्यभूत आजार लिहायचे. सांख्यिकीत मोजले जाते ते मूळ कारण. प्रत्यक्षात पुष्कळ प्रमाणपत्रांवर वरच्या ओळीत 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे' एवढेच असते आणि खालच्या ओळी कोऱ्या. मरणाऱ्या प्रत्येक माणसाचे हृदय बंद पडते. एवढ्यावरून तो कशाने गेला, हे कोणाला कळणार? 'न्यूमोनिया' किंवा 'जुनाट फुफ्फुसविकार' लिहिले की प्रमाणपत्र नियमात बसते, पण त्यातला क्षयरोग गळतो. एचआयव्ही असलेला माणूस क्षयरोगाने गेला तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या नियमानुसारच तो मृत्यू एचआयव्हीच्या खात्यात जमा होतो. आणि घरी झालेल्या मृत्यूला अखेरच्या आजारात पाहणारा डॉक्टरच नसेल, तर नातेवाईक सांगतील ते कारण लिहिले जाते.

नातेवाईक काय सांगतात, याला त्यांची कारणे असतात. मागच्या पावसाळ्यात एक तरुण वडिलांचे प्रमाणपत्र घ्यायला आला. त्याच्या हातातील प्लास्टिकच्या पिशवीत छातीचा फोटो, बेडक्याच्या तपासणीचा अहवाल आणि गोळ्यांची पाकिटे होती. वरची दोन अर्धी रिकामी, खालची न फोडलेली. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातील पोकळी फोटोत कोणालाही दिसावी इतकी ठळक होती. मी लिहायला घेतले तसा तो म्हणाला, "डॉक्टर, तेवढं टीबीचं नाव नका घालू. बहिणीची बोलणी चालली आहेत." मी क्षयरोगच लिहिला, आणि त्यानंतर बराच वेळ त्याची समजूत घालण्यात गेला. बाहेर रुग्णांची रांग असलेला प्रत्येक डॉक्टर एवढा वेळ देऊ शकेल, असे गृहीत धरता येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावी लागते. माहितीच्या हक्काच्या दृष्टीने ही सुधारणा योग्यच आहे, पण तिच्यामुळे हा दबाव वाढतो, हेही खरे.

दुसऱ्या बाजूला निक्षयमध्ये 'मृत्यू' हा उपचाराच्या अनेक निष्पत्तींपैकी एक रकाना आहे, आणि उपचार चालू असताना कोणत्याही कारणाने आलेला मृत्यू त्यात मोजला जातो. गोळ्या घेत असलेला माणूस सोलापूर रस्त्यावर ट्रकखाली गेला तरी तो इथे येतो. निदानच न होता क्षयरोगाने गेलेला इथे कधीच येत नाही. सलग महिनाभर वा अधिक काळ उपचार तुटलेला रुग्ण 'पाठपुराव्यातून सुटलेला' या रकान्यात जातो, आणि त्या रकान्यात किती माणसे जिवंत आहेत, हे त्या रकान्याकडे पाहून कळत नाही. त्यामुळे निक्षयचा आकडा आणि मृत्यू नोंदणीचा आकडा वेगळे आले, तर एक बरोबर आणि दुसरा चूक असे समजण्याचे कारण नाही. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, म्हणूनच ते शेजारी ठेवून पाहायचे.

तसे केले की तीन गठ्ठे हाती येतील. पहिल्यात दोन्हीकडे क्षयरोगाचा मृत्यू म्हणून आलेली नावे असतील. त्यांच्याविषयी वाद नाही. दुसऱ्यात निक्षयमध्ये मृत, पण निबंधकाकडे भलत्याच कारणाने नोंदलेली. यावरून कोणत्या रुग्णालयांत प्रमाणपत्र भरण्याचे प्रशिक्षण द्यायला हवे, ते कळेल. तिसरा गठ्ठा सर्वांत लहान असेल कदाचित, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: ज्यांच्या मृत्यूचे कारण क्षयरोग म्हणून लिहिले गेले आणि जे निक्षयमध्ये कुठेच नाहीत. ही माणसे जिवंत असताना कार्यक्रमाला सापडली नव्हती. त्यांच्या घरातील मुले, सून, शेजारची खोली यांची तपासणी त्यामुळे झालेली नाही, आणि प्रतिबंधक उपचारही कोणी दिलेला नाही. त्या घरांपर्यंत त्याच आठवड्यात जाता येते. याच जुळवणीत 'पाठपुराव्यातून सुटलेल्या' रुग्णांची यादी मृत्यू नोंदवहीतून एकदा फिरवली, तर सुटलेल्यांपैकी किती जण खरोखर सुटले आणि किती जण गेले, तेही कळेल. क्षयरोगाची औषधे २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक यादीत, आहेत आणि त्यांच्या विक्रीची वही औषध दुकानदाराला तीन वर्षे ठेवावी लागते. अन्न व औषध प्रशासनाच्या मदतीने ती तिसरी यादी म्हणून वापरता येईल.

हे काम अवघड आहे, असे उत्तर येऊ शकते. नावांचे वेगवेगळे शुद्धलेखन, बदललेले मोबाइल क्रमांक, आडनावाच्या जागी वडिलांचे नाव, हे सगळे मला ठाऊक आहे. पण जून २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनाच्या नोंदींची अशीच जुळवणी केली आणि आधी यादीत न आलेले १,३२८ मृत्यू एका दिवशी जाहीर केले. त्या वेळी राज्यावर टीका झाली. मला मात्र तो त्या साथीतील सर्वांत प्रामाणिक दिवसांपैकी एक वाटतो. तेव्हा जे साथीच्या ऐन धामधुमीत जमले, ते आता तिमाहीला एकदा जमण्यासारखे आहे, विशेषतः महापालिकांमध्ये, जिथे शहर क्षयरोग अधिकारी आणि जन्म-मृत्यू नोंदणी हे दोन्ही एकाच आरोग्य विभागाखाली येतात.

मृत्यू किती, याबरोबर तो केव्हा आला हेही तक्त्यात हवे. क्षयरोगाचे पुष्कळसे मृत्यू उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत होतात. जो निदानानंतर दहाव्या दिवशी जातो, तो उशिरा आला किंवा त्याचे निदान उशिरा झाले, आणि जो पाचव्या महिन्यात जातो त्याच्या बाबतीत औषधरोध (नेहमीची औषधे लागू न पडणे), मद्यपान, मधुमेह यांचा विचार करावा लागतो. तमिळनाडूने २०२२ पासून निदानाच्या वेळीच प्रत्येक प्रौढ रुग्णाचे वजन-उंचीचे गुणोत्तर, श्वासाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, पायांवरील सूज आणि आधाराशिवाय उभे राहता येते की नाही, एवढे पाहून गंभीर रुग्णांना लगेच दाखल करण्याची पद्धत राज्यभर लावली. यासाठी लागते काय, तर वजनकाटा, उंचीची पट्टी आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर. झारखंडमधील, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोषण-अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. रुग्णाला आहारासाठी मिळणारी निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १,००० रुपये झाली, हे चांगलेच झाले. ती खात्यावर पोचली का, याइतकाच रुग्णाचे वजन वाढले का, हा प्रश्नही आढावा बैठकीत विचारला जावा. पैसे जमा झाल्याची टक्केवारी दाखवणे सोपे असते. दोन महिन्यांनी पुन्हा काट्यावर उभे करणे कोणाच्या लक्षात राहत नाही.

एक भीती मात्र मला आहे आणि ती आधीच बोलून दाखवतो. आढावा बैठकीत प्रत्येक मृत्यूमागे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाला उभे करून झापले गेले, तर पुढच्या तिमाहीत मृत्यू कमी होतील आणि 'पाठपुराव्यातून सुटलेले' व 'बदली झालेले' वाढतील. आकड्यांच्या कामात हे नेहमी घडते. म्हणून मृत्यूच्या चौकशीचा कागद आणि कर्मचाऱ्याच्या कामगिरीचा कागद वेगळे ठेवावेत, असा लेखी आदेश आपण सर्वांनी मिळून काढावा. पर्यवेक्षकाकडे दुचाकी आहे, पेट्रोलचे पैसे मात्र महिनोन्महिने थकलेले, अशा स्थितीत त्याच्याकडून घरोघरच्या भेटींची अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे.

गोपनीयतेबाबत माझा आग्रह प्रशासनाहून कडक आहे. जुळवणी नावानिशी व्हावी, ती फक्त अधिकृत व्यक्तींनी करावी आणि बाहेर एकही नाव जाऊ नये. प्रसिद्ध होणारा तक्ता ग्रामीण भागात तालुक्याच्या आणि शहरांत क्षेत्रीय कार्यालयांच्या पातळीवर असावा. गावाच्या किंवा वस्तीच्या पातळीवर तो देऊ नये, कारण आठशे वस्तीच्या गावात 'मृत्यू: एक' असे छापले की घर ओळखता येते, आणि मग मघाशी सांगितलेल्या मुलीची बोलणी तक्त्यामुळेच मोडतात. तालुका पातळीवरही एखाद्या रकान्यात संख्या पाचपेक्षा कमी असेल, तर ती 'पाचहून कमी' अशीच छापावी.

उपचाराची निष्पत्ती कळायला वेळ लागतो, त्यामुळे चालू तिमाहीपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. २०२५ च्या जानेवारी ते मार्च या तिमाहीत जिल्ह्यात नोंदवलेले सर्व रुग्ण पहिली तुकडी म्हणून घ्यावेत. औषधरोध नसलेल्यांचा सहा महिन्यांचा उपचार केव्हाच संपला आहे. तिन्ही क्षयरोग अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, दोन्ही महापालिकांचे जन्म-मृत्यू निबंधक आणि कॅन्टोन्मेंट बोर्डांचा एक प्रतिनिधी अशी छोटी समिती मा. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमावी. औंध येथील राज्य क्षयरोग प्रशिक्षण व प्रात्यक्षिक केंद्र शहरातच आहे, त्याचे मार्गदर्शन घ्यावे, आणि पहिला तक्ता किती तारखेस प्रसिद्ध होणार, ती तारीख समितीच्या आदेशातच लिहावी. खासगी डॉक्टरांच्या बाजूने सांगायचे, तर माझ्या दवाखान्यातील नमुना ४-अ च्या स्थळप्रती आणि निक्षयवर केलेल्या नोंदींचे क्रमांक समितीच्या अधिकृत व्यक्तीस पडताळणीसाठी देण्यास मी तयार आहे; दुपारी दोन ते चार या वेळेत दवाखान्यात गर्दी नसते.

आपला विश्वासू,
हडपसर येथील एक फॅमिली डॉक्टर